उन्हात वाळत घातलेली नळी

मुलींचं वसतिगृह, तालुका तलासरी
१९ जानेवारी २०२५

प्राजक्ता,

दर आठवड्याला दाबाच्या दोन्ही काट्यांचे आकडे लिहून पाठव, असं तू सांगून गेलीस, म्हणून आधी आकडे. पाणी गाळणाऱ्या नळीच्या अगोदरचा काटा एक पूर्णांक दोन, नळीच्या नंतरचा एक. तुझं काम झालं. आता माझं ऐक.

गुरुवारी प्लांट बसवून तू जीपमध्ये बसलीस आणि इकडे मी नवा नळ उघडला. पाणी असं आलं की खालचा तांब्या आरपार दिसला. पण एकही मुलगी पुढे येईना. स्वयंपाकघराच्या दारात आमची स्वयंपाकीण सोनीबाई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "नवं धान्य आपण देवाला दाखवल्याबिगर खात नाय, मग नवं पाणी कसं पिणार?" मी म्हटलं, बाई, पाणी त्याच बोअरचं आहे, फक्त गाळून आलंय. ती म्हणाली, "मंग गाळलेलं दाखव."

तिचं म्हणणं मला पटलं. तांब्या भरला, चार दाणे तांदूळ घेतले आणि जुन्या विहिरीवर गेलो. मागे मुलींची रांग. अर्धा तांब्या विहिरीत सोडला, हात जोडले, परत आलो. पहिला घोट सोनीबाईने घेतला. तो तिने तोंडात इतका वेळ धरला की वसतिगृह सांभाळणाऱ्या संगिता मॅडमसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाली, "चवच नाय." आमचे सगळ्यांचे चेहरे पडले. तिने दुसरा घोट घेतला. "चव नाय म्हणजे चिखल नाय," म्हणाली, आणि पेला मुलींच्या हातात दिला.

बावीस वर्षं या वसतिगृहात शिपाई आहे. आधी विहिरीतून शेंदून, मग बोअरमधून, या मुलींना पाणी मीच देत आलो. मागच्या श्रावणात कावीळ झाली तेव्हा नऊ जणी डहाणूच्या दवाखान्यात पडल्या, ते पाणीही माझ्याच हातचं होतं. तेव्हा आईबापांनी नेलेल्या तेवीस मुली अजून परत आलेल्या नाहीत. दोघींची लग्नं ठरली असं ऐकतो. खात्याचे साहेब सांगून गेलेत, की चोवीस मार्चला पाण्याचा नमुना नेणार. तो नापास झाला तर जूनपासून इमारत बंद, उरलेल्या मुली जव्हारकडे. तेवढ्या लांब आमच्याकडचा कोणी पोरगी पाठवत नाही, हे तुला सांगायला नको.

फोन करत जा म्हणतेस. रेंजसाठी टेकडी चढतो, आणि वर पोचल्यावर "हॅलो ऐकू येतंय का" यातच बोलणं संपतं. चैत्याची जीप रोज घोलवडला येते, चिठ्ठी तोच देईल. कागदावरचा आकडा तुटक ऐकू येत नाही.

तुझा मामा
काकड्या

घोलवड
२ फेब्रुवारी

मामा,

चैत्याने चिठ्ठी दिली आणि वर म्हणाला, "तुझ्या मामाने पाण्याचं बारसं केलं." मी ते कंपनीत सांगितलं. सगळे हसले, पण साहेब म्हणाले, बरं केलं, निदान लोक पितील तरी.

आकडे छान आहेत. दोन काट्यांमधला फरक लहान, म्हणजे नळी मोकळी. त्या पांढऱ्या नळीच्या आत शेवयांसारखे हजारो धागे आहेत. प्रत्येक धागा आतून पोकळ, आणि त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं. पाणी बाहेरून धाग्याच्या पोटात शिरतं, घाण आणि जंतू बाहेरच अडतात. जे काही सटकेल त्याला शेवटचा क्लोरीनचा थेंब गाठतो. हळूहळू धाग्यांवर घाणीचा थर बसेल आणि फरक वाढेल. तो पाऊण किलो दाबाच्या वर गेला, की मी दाखवलं तसे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि पाणी उलटं सोडायचं. थर सुटून बाहेर पडतो.

साहेबांनी विचारलं, तिकडे ऑपरेटर कोण? मी म्हटलं, माझा मामा. त्यांनी भुवया उचलल्या. मी नजर खाली केली नाही.

आई म्हणते, दादाला सांग, अंगात गरम कपडा घालून झोप.

प्राजक्ता

तलासरी
२३ फेब्रुवारी

प्राजक्ता,

सकाळचे आकडे: अगोदर एक पूर्णांक सात, नंतर शून्य पूर्णांक आठ. फरक शून्य पूर्णांक नऊ. आकडा पाऊणच्या वर गेला. म्हणजे आज मला ते करायचं होतं.

मी आंघोळ केली. हसू नकोस, अवघड काम मी पारोशाने करत नाही. तू खडूने व्हॉल्व्हवर घातलेले नंबर मोठ्याने म्हणत एकेक फिरवला. पंप चालू केला. आधी काहीच नाही, नुसती घरघर. मग मोरीच्या पाइपातून भसकन पाणी आलं, पिवळं, चहासारखं, त्यात तांबूस गाळाचे तुकडे. सोनीबाई ओरडली की मशीन फुटलं. मी म्हटलं, नाही बाई, मशीनने तोंड धुतलं.

मुली भोवती जमल्या. संगिता मॅडमनी ते पिवळं पाणी काचेच्या बरणीत भरून वर्गात नेलं आणि फळ्याजवळ ठेवलं. म्हणाल्या, हे आपण पीत होतो.  दहा मिनिटांनी पाणी पांढरं झालं. व्हॉल्व्ह सरळ केले. अगोदर एक पूर्णांक दोन, नंतर एक. पहिल्या दिवशीचे आकडे परत आले. प्राजक्ता, सातवी शिकलेल्या माणसाचं यंत्राने ऐकलं की त्याला काय वाटतं, ते लिहिता येत नाही. मी देवापुढे बसलो आणि काही मागितलं नाही.

काकड्या मामा

घोलवड
२ मार्च

मामा,

बरणीचं वाचून मी आईला मिठी मारली. ती चिकू भरत होती, पेटी सांडली.

दहा तारखेपासून मी भरूचला आहे, तिथे मोठा प्लांट बसवायचाय. पत्रं आईकडेच दे, ती मला फोनवर वाचून दाखवेल. होळीला मुली घरी जातील तेव्हा प्लांट बंद कर आणि नीट साफ करून ठेव. परत आल्या की चालू करायचा. चोवीसच्या नमुन्याची काळजी करू नकोस. तुझे आकडे असेच राहिले तर तो नापास होऊच शकत नाही.

घाईत,
प्राजक्ता

तलासरी
१२ मार्च

प्राजक्ता,

मुली परवा गेल्या. होळीला या मुलखात कोणाला थांबवता येत नाही. मीही उद्या सकाळी पाड्यावर जातोय, पण तू सांगितलेलं सगळं मनासारखं करून निघतोय.

प्लांट साफ केला, आणि असा केला की तू बघशील तर खूश होशील. आपल्याकडे बाई घर बंद करून निघते तेव्हा हंडा-कळशी घासते, पालथी घालते, थेंब ठेवत नाही. थेंब राहिला की पाणी शिळं होतं, भांड्याला वास येतो. मी म्हटलं, हे तर मुलींच्या पिण्याचं भांडं. सोनीबाईचा नवरा धाकल्या मदतीला आला. दोघांनी जोड सोडवून नळी बाहेर काढली, दोन्ही तोंडांनी निथळवली. मग गच्चीवर खाटेवर घातली. दोन दिवस कडक ऊन खाल्लं तिने. आत पाहिलं, धागे कसे कोरडे, खडखडीत, पांढरेशुभ्र. कावळ्याने शिवू नये म्हणून वर माझं धुतलेलं धोतर पांघरलं. आज परत जागेवर बसवली.

संगिता मॅडम म्हणाल्या, काकड्याभाऊ, एवढी काळजी तर कोणी पोराची घेत नाही.

तुम्हा दोघींना होळीचा रामराम.

मामा

घोलवड
१५ मार्च

दादा, मी बायजी. प्राजक्ता फोनवर सांगते आहे आणि मी लिहिते आहे. तुझी चिठ्ठी मी होळीच्या गडबडीत आज वाचून दाखवली. "कडक ऊन खाल्लं" इथवर आले आणि पोरगी ओरडली. काय झालं मला कळत नाही. ती सांगते ते लिहिते.

मामा, प्लांट चालू करू नकोस. नळी कधीच कोरडी करायची नसते. ओली असली तरच ती भोकं उघडी राहतात, वाळली की मिटतात. पंपाने जोर केला तर धागे तुटतील. मी तुला साफ करून ठेव म्हटलं आणि ओली ठेव म्हणायचं राहिलं. आम्हाला ते इतकं पाठ असतं की बोलायचं सुचलंच नाही. चूक माझी आहे.

(दादा, तिचा आवाज कापतोय. तू घाबरू नको. मी तिला म्हटलं, तुझ्या मामाने भांडं घासलं त्यात वाईट काय. ती म्हणते, आई, लिही.)

नळी स्वच्छ पाण्याने भर, दोन्ही तोंडं बंद कर, आणि मी सांगेपर्यंत हात लावू नकोस. तुझा फोन मी वीस वेळा लावला. लागतच नाही.

(चैत्याची जीप होळीसाठी फुलं लावून दारात उभी आहे. म्हणतो सोमवारशिवाय चाक फिरणार नाही. त्याला मी चार शब्द ऐकवले. बहीण बायजी.)

तलासरी
१८ मार्च

प्राजक्ता,

तुमचं पत्र मला काल संध्याकाळी मिळालं. प्लांट मी काल सकाळीच चालू केला होता.

आकडे: अगोदर दोन पूर्णांक सहा, नंतर काटा हललाच नाही. नळातून दोऱ्याएवढी धार आली. मी लगेच पंप बंद केला. तेवढी एक अक्कल देवाने दिली.

तोवर मुली परतू लागल्या होत्या. चोवीसला सहा दिवस. पत्र वाचून मी पंपाच्या खोलीत गेलो. तुला खरं सांगतो. नळीच्या आधीच्या वाळूच्या टाकीतून, नळी चुकवून, सरळ वरच्या टाकीत पाणी नेणारा एक व्हॉल्व्ह आहे, तो मी आजवर उघडला नाही. तो फिरवला असता तर नळाला भरपूर पाणी आलं असतं, दिसायलाही बरं, आणि कोणाला कळलंही नसतं. माझा हात त्यावर गेला होता. मग मला फळ्याजवळची ती बरणी दिसू लागली. हात काढला आणि मॅडमकडे गेलो. म्हटलं, नळी मी मारली, मुलींना आजपासून उकळलेलंच पाणी द्या.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जिवंत होईल का?" मी म्हटलं, भाचीला विचारतो.

सोनीबाई दोन वेळा मोठं पातेलं चुलीवर चढवते. म्हणते, "तू वाळवलीस, मी उकळते, दोघं मिळून काय ते शिजवू."

नळी पाण्याने भरून ठेवली आहे. आता सांग.

मामा

भरूच
१९ मार्च

मामा,

आईने काल रात्री वाचून दाखवलं, आता मी फोनवर सांगतेय ते तीच लिहून घेतेय. तू पंप लगेच बंद केलास, त्यामुळे आशा आहे.

नवी नळी यायला सहा आठवडे लागतात, म्हणून तो विषय सोड. दुसरा उपाय आहे. स्पिरिट त्या मिटलेल्या भोकांत शिरतं आणि पाण्याला वाट करून देतं. गुजरातेतल्या उंबरगावच्या आमच्या कंपनीच्या स्टोअरमधून एक कॅन चैत्याकडे द्यायला सांगितलाय. साहेबांना सगळं सांगितलंय. मला इथून निघता येत नाही, त्यामुळे करायचं तुलाच आहे.

नळीतलं पाणी सोड. स्पिरिट आणि गाळलेलं पाणी अर्धं अर्धं मिसळून नळी काठोकाठ भर. एक तास थांब. मग ते सोडलंस, की क्षणभरही कोरडी न ठेवता पाणी सुरू कर, अगदी मंद, आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाहू दे. सगळं पाणी मोरीत. हे चालू असताना खिडक्या उघड्या, आणि त्या खोलीत, आसपासही आग नको. बिडी नको, चूल नको, तुझा दिवाही नको.

नंतर एकही धागा तुटलेला नाही ना, ते बघायचं. त्याला तिथे यंत्र नाही, पण तू सायकलचं पंक्चर काढतोस. नळीत, धाग्यांच्या बाहेरच्या बाजूला, सायकलच्या पंपाने हवा भर आणि वरच्या पारदर्शक पाइपात पाणी ठेवून बघ. बुडबुडे सतत येत राहिले तर धागा तुटलाय. सुरुवातीचे दोनचार सोडून दे.

मामा, तुझे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत.

प्राजक्ता

तलासरी
२१ मार्च, संध्याकाळ

प्राजक्ता,

आकडे शेवटी लिहितो. नाहीतर तू पुढचं वाचणारच नाहीस.

चैत्या काल दुपारी कॅन घेऊन आला तो हसतच उतरला. म्हणाला, "मामा, अख्खी दुनिया इकडून गुजरातेत दारू नेताना पकडली जाते. मी गुजरातेतून इकडे आणली, नाक्यावरच्या हवालदाराला कळेना मला पकडायचं की डॉक्टरकडे पाठवायचं." मॅडमनी आपल्या शिक्क्याची चिठ्ठी त्याला आधीच दिली होती म्हणून सुटला.

कॅनचं बूच उघडलं आणि वास खोलीभर. माळ घातल्यापासून एकोणीस वर्षं मी ताडीसुद्धा शिवलेलो नाही. सोनीबाई खिडकीतून म्हणाली, "माळकरी बाबा, कितीला बाटली?" धाकल्या इतका हसला की त्याला मी बाहेर काढलं. चूल आधीच विझवली होती. पंपाच्या खोलीतल्या कोनाड्यात मी रोज दिवा लावतो, तो काल लावला नाही. देवाला म्हटलं, आज अंधारातच बस, मुलींचं काम आहे.

मोजून मिसळलं, नळी भरली, आणि मॅडमच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. एक तास एवढा मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मग एका हाताने खालचा व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या हाताने वरचा, तू म्हणालीस तसं, क्षणही जाऊ दिला नाही. पाणी मंद सोडलं. आधी दोरा. नंतर काडी. मग बोटाएवढी धार. धाकल्या परत आत आला. वास जायला आज दुपार झाली. तोवर मोरीपाशी बसून दर तासाला ओंजळ नाकाला लावत होतो. मुली लांबून बघून हसत होत्या.

मग सायकलचा पंप. मी हवा भरली. पारदर्शक पाइपात एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. धाकल्या म्हणाला, "गेला." मी म्हटलं, थांब. तिसरा आला, अगदी मोहरीएवढा, आणि पाइपाला चिकटून राहिला. पंपाचा दांडा दाबून धरला होता. पन्नासपर्यंत मोजलं. शंभरपर्यंत मोजलं. पाणी असं स्थिर, की त्यात सोनीबाईचा चेहरा दिसत होता, आणि ती रडत होती. सगळ्यांना म्हणत होती की दारूचा वास डोळ्यांत गेला.

अगोदर एक पूर्णांक चार, नंतर एक. फरक शून्य पूर्णांक चार. पहिल्याइतकी मोकळी नाही, पण श्वास घेतेय. क्लोरीनचा थेंबही तपासला, पडतोय. नमुना पास होईपर्यंत मुली उकळलेलंच पितील, असं मॅडमचं आणि माझं ठरलंय.

मामा

भरूच
२९ मार्च

मामा,

संगिता मॅडम टेकडी चढून गेल्या आणि तिथून मला फोन केला. धाप लागली होती, मला वाटलं वाईट बातमी आहे. "पास" हा एकच शब्द नीट ऐकू आला आणि रेंज गेली. मी इथे प्लांटच्या मध्ये उभी राहून नाचले. हेल्पर लोक बघत होते.

आता एक सांगते, जे तुला सांगितलं नव्हतं. तुमचं वसतिगृह हे माझं एकटीने केलेलं पहिलं काम होतं. ते फसलं असतं तर साहेबांनी मला परत ऑफिसात बसवलं असतं. आज त्यांनी विचारलं, काय शिकलीस? मी म्हटलं, सूचना लिहिताना समोरचा माणूस भांडं कसं घासतो ते आधी विचारायचं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मे महिन्यापासून इमारत दीड महिना रिकामी. नळी ओली राहायला हवी. औषधाच्या पाण्यात बुडवून बंद ठेवता येते, ते पाठवू का? की दुसरं काही सुचतंय?

प्राजक्ता

तलासरी
११ मे

प्राजक्ता,

औषध नको. पाड्यावरून इथे यायला मला पाऊण तास लागतो. घरी बैल असता तर त्याला पाणी पाजायला रोज आलोच असतो. मग हिच्यासाठी का येऊ नये? सकाळी येतो, अर्धा तास प्लांट चालवतो, आकडे वहीत लिहितो आणि जातो. बायको म्हणते, सुट्टीतही तुझी दुसरी बायको तिकडेच आहे.

पहिले दोन दिवस ते चांगलं पाणी मोरीत गेलं. पाड्यावरच्या विहिरींनी तळ गाठलाय आणि इथे मी गाळलेलं पाणी मातीत सोडतोय, ते मला बघवेना. मॅडमना विचारून फाटकाबाहेर नळ काढला आणि बायकांना निरोप दिला. आता मी येण्याआधीच हंड्यांची रांग लागलेली असते. मी उशीर केला तर बोलणी बसतात.

काल रांगेत एक बाप्या उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ओळखला. मागच्या श्रावणात आपल्या मुलीला खांद्यावर टाकून याच फाटकातून नेली होती त्याने, आणि जाताना माझ्याकडे बघितलंही नव्हतं. त्याचा नंबर आला. त्याने हंडा भरला, मग ओंजळ धरली आणि तिथेच प्यायला. पुन्हा धरली. पुन्हा प्यायला. मागच्या बायका कुरकुरू लागल्या.

मग हंडा न उचलताच त्याने विचारलं, "पोरीचं नाव परत घालायचं, तर कागद कोणते लागतील?"

मी म्हटलं, "नाव मॅडमनी काढलेलंच नाही. तू फक्त पोरगी आण."

मामा